तळ्याचा पाठ, खाडीचा वर्ग

(दृश्य: ओहोटी. ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यामागचा चिखल, उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे.)

निवेदन :
ही ठाणे खाडी. जवळच्याच एका वर्गात मात्र पडद्यावर तळं आहे. कमळ, बेडूक, बगळा. पाठ अन्नसाखळीचा आणि चांगला बनवलेला. ठाण्यात, मासुंदा तलावाच्या काठी, तो जसाच्या तसा चालून गेला असता. इथल्या बाईंना तो खाडीत आणायचा आहे.

पाठ दुसऱ्यांनी बनवलेला, म्हणून आधी परवाना बघायचा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपलं काम इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या परवान्यात ‘एनडी’ ही अक्षरं असतील तर पाठ वाटता येतो, बदललेला पाठ वाटता येत नाही. ‘एसए’ असेल तर बदललेला पाठही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. हा पाठ ‘एसए’ आहे. म्हणजे हात घालायला हरकत नाही.

(दृश्य: लॅपटॉपवर उघडलेल्या स्लाइड.)

आता कमळाच्या जागी तिवर, म्हणजे खाडीकाठची खारफुटी, आणि बेडकाच्या जागी निवटी. बगळा तेवढा दोन्हीकडे चालतो. झालं काम?

नाही. फसगत होते ती इथेच. तळ्याच्या पाठात साखळी शेवाळापासून सुरू होते. तिवरांच्या खाजणात मात्र बरीचशी सुरुवात गळून पडलेल्या पानापासून. पान कुजतं, त्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, ते खाऊन किडे आणि लहान खेकडे जगतात; त्यांच्यावर निवटी, निवटीवर बगळा. म्हणजे नुसती चित्रं नाही, आकृतीतला पहिला बाणच बदलायला हवा. आणि धाकटा रोहित, म्हणजे लहान फ्लेमिंगो? तो चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, त्याची साखळी पुन्हा शेवाळापासूनच. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगोंचं अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. म्हणून रोहितला पाठात दुसरी, वेगळी साखळी मिळते.

शेवटची प्रश्नमंजूषा बहुतेक जण विसरतात. ‘तळं आटलं तर काय होईल?’ हा प्रश्न जाऊन ‘तिवरं तोडली तर?’ हा आला, की उत्तरसूचीही नव्याने लिहावी लागते. नाहीतर बरोबर उत्तर देणाऱ्या पोराला उत्तरं तपासणारं यंत्र शून्य देतं.

आवाज बाईंनी स्वतःच्याच फोनवर भरला. मागे लोकलचा भोंगा ऐकू येतो; राहू दे.

(दृश्य: शेवटची पाटी.)

पाटीवर मूळ कर्त्यांचं नाव, परवाना आणि काय काय बदललं त्याची नोंद. व्हिडिओसोबत स्लाइड आणि आवाजाच्या फायली सुट्या ठेवल्या आहेत. नुसता व्हिडिओ दिला असता, तर उद्या उरणच्या एखाद्या गुरुजींना त्यातला एक बाणही हलवता आला नसता.