आधी डोळा हाय काय बघ

(दृश्य: सकाळ. शहापुरातलं जुनं कौलारू घर, उघडं मागचं दार. मागाचा आवाज.)

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत सकाळ कापड विणायच्या मागाच्या खटखटीनं सुरू होते. नवा माणूस पहिल्या दिवशी वैतागतो. चार दिवसांनी कानाला सवय होते आणि मग त्या खटखटीखालचे बारीक आवाज ऐकू यायला लागतात. नळाचं पाणी, कुकरची शिट्टी, मागच्या दारी विळीवर चिरली जाणारी पात.

पात चिरताहेत त्या मावशी. नाव सांगू नको म्हणाल्या, म्हणून नुसतं मावशी. बेळगावच्या गणपत गल्लीतून आणलेली कांद्याच्या पातीची पेंडी. हिरवा भाग सगळा चिरला, पण खालची तीन-चार बोटं पांढरा भाग मुळ्यांसकट बाजूला ठेवला. तुमच्या-आमच्या घरी तो कचऱ्यात जातो. मावशींनी तो काचेच्या पेल्यात उभा केला, मुळ्या बुडतील इतकंच पाणी घातलं आणि पेला खिडकीत ठेवला.

कॅमेरा पेल्याजवळ नेला, तशा त्या हसल्या. "काय शूटिंग करूलालास रे? हे काय सिनेमातलं झाड हाय?"

(दृश्य: पेला, जवळून. तीन दिवसांचं चित्रण वेगानं.)

सिनेमातलं नाही, पण बघण्यासारखं नक्की आहे. दुसऱ्या दिवशीच कापलेल्या तोंडातून मधली पात वर सरकलेली दिसते. आठवडाभरात पुन्हा चिरण्याइतकी होते. कांद्याची पात वाढते ती बुडाशी, मुळ्यांच्या लगेच वर असलेल्या चपट्या चकतीतून. शेंडा कितीही कापा, कारखाना खाली शाबूत असतो. मात्र नुसत्या पाण्यात तो फार दिवस चालत नाही. पांढऱ्या भागातली शिदोरी संपली की तिसऱ्या कापणीला पात दोऱ्यासारखी निघते. मावशी दुसऱ्या कापणीनंतर ते बूड डब्यातल्या मातीत खोचतात. तिथं पुढं बरेच दिवस निघतात.

मावशींचं परडं म्हणजे किती? दोन खाटा टाकल्या तर चालायला जागा उरणार नाही, एवढं. गोडेतेलाचे पत्र्याचे डबे, सिमेंटचं पोतं, फुटकी बादली आणि भिंतीला टेकवलेला जुना माठ. नर्सरीतून विकत आणलेलं त्यात काहीच नाही. सगळं भाजीच्या पिशवीतून आलेलं.

"शिकलात कुठं?" असं विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांचं माहेर चिकोडीकडं, उसाच्या पट्ट्यातलं. तिथं ऊस बी टाकून कुणी लावत नाही. उसाची कांडी तोडायची, तिला टिपरी म्हणतात, आणि टिपरी सरीत आडवी घालायची. प्रत्येक पेराला एक डोळा असतो, त्यातून कोंब येतो. बेणं निवडताना थोरली माणसं पोरांना एकच गोष्ट सांगायची, ती मावशींनी आम्हालाही सांगितली. "आधी डोळा हाय काय बघ. डोळा न्हाई, तर ती चिपाडं."

बाजारातून आणलेल्या भाजीपासून पुन्हा भाजी करायचं निम्मं शास्त्र या एका वाक्यात आहे. आपण जो भाग खातो तो झाडाचा कुठला अवयव आहे आणि त्यावर जिवंत डोळा आहे का, एवढं बघायचं. बटाटा जमिनीखाली येतो, पण ते मूळ नाही, खोड आहे. म्हणून त्याला डोळे असतात. आल्याचंही तसंच, अळकुडीचंही. पुदिना तर काय, पेरापेराला फुटायला टपलेलाच असतो. खालची पानं काढून दोन पेरं पाण्यात बुडवली की आठ-दहा दिवसांत पांढऱ्या मुळ्या लोंबायला लागतात. गवती चहाच्या काडीचं बूड शाबूत असेल तर तीही अशीच लागते.

(दृश्य: गाजराचा कापलेला शेंडा, बशीत.)

आता हे गाजर. मोबाइलवरच्या व्हिडिओंत गाजराचा शेंडा बशीतल्या पाण्यात ठेवतात आणि पुढच्याच दृश्यात कुंडीतून लांबलचक गाजर उपसतात. मधल्या काळात काय झालं ते कुणी दाखवत नाही, कारण मधल्या काळात ते गाजर बाजारातून आणलेलं असतं. शेंड्याला पानं फुटतात, छान फुटतात. मातीत लावलं तर पुढं फुलंही येतात. पण खालचं गाजर म्हणजे झाडाचं सोटमूळ, ते एकदा कापलं की पुन्हा भरत नाही. मुळ्याचं आणि बीटाचं हेच. पाल्याची भाजी करणार असाल तर जरूर ठेवा.

पेंडीतल्या कोथिंबिरीच्या मुळ्या लावून बघितल्या. दहातली एखादी जगते आणि तीही लगेच तुऱ्यावर जाते. त्यापेक्षा फडताळातले धने घ्या. धन्याचा एक दाणा म्हणजे खरं तर दोन बिया चिकटलेल्या. चपलेखाली हलकेच रगडून ते दोन भाग सुटे करायचे, रात्रभर भिजवायचे आणि जिथं वाढवायचे तिथंच पेरायचे. रोप उपटून दुसरीकडं लावलेलं कोथिंबिरीला सोसत नाही. उगवायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तोवर लोक कंटाळून कुंडी उलटी करतात. मेथी त्या मानानं गुणी, तीन-चार दिवसांत वर येते आणि तीन-चार आठवड्यांत खुडायला तयार. कढीपत्त्याची बाजारातली काडी पाण्यात ठेवून मुळ्या फुटतील म्हणून मात्र वाट बघू नका. तो बीपासून येतो, किंवा मोठ्या झाडाच्या मुळातून निघालेल्या फुटव्यापासून. शेजारच्या झाडाखाली हात घाला, फुटवा सापडेल.

(दृश्य: बेळगुंदीकडचा रस्ता. जून. लाल माती, वरंबे.)

शहर सोडून पश्चिमेला निघालं की माती तांबडी होते. बेळगुंदी, उचगावचा हा पट्टा आणि पुढं हद्दीपलीकडचा चंदगड तालुका, दोन्हीकडं रताळ्याचं पीक. शासनाच्या नकाशावर मधून राज्याची रेघ जाते, रताळ्याच्या वेलाला ती माहीत नाही. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या उपवासांना याच मातीतली रताळी बेळगावच्या मार्केट यार्डात पोत्यांनी उतरतात.

मावशींचा नियम इथं अडखळतो. रताळं हे खरंच मूळ आहे. बटाट्यावर असतात तसे डोळे त्याच्यावर दिसत नाहीत. नियमानं त्याचं गाजर व्हायला पाहिजे. तरी रताळं फुटतं! मुळाच्याच अंगातून नवे कोंब तयार करायची ताकद त्याच्यात आहे. त्यातही वेलाला जोडलेल्या टोकाकडून जास्त कोंब येतात. शेतकरी हे पिढ्यान् पिढ्या वापरतोय. उन्हाळ्यात थोडी रताळी पाण्याजवळच्या वाफ्यात लावायची, त्यांना वेल सुटू द्यायचे आणि पाऊस लागला की वीतभर, वीत-दीड वीत लांबीचे तुकडे कापून वरंब्यावर खोचायचे. शेतात रताळं लावतच नाहीत, वेल लावतात. चारएक महिन्यांत खाली रताळी धरतात.

घरी करायचं तर पसरट टोपलीत ओली वाळू घ्या, रताळं आडवं अर्धं पुरून ठेवा. वाळू ओलसर हवी, चिखल नको. तीन-चार आठवड्यांत जांभळट कोंब येतात. वीतभर झाले की अलगद मोडून मातीत लावायचे. कुंडीत रताळी पोसतील त्याची हमी नाही, मोकळी खोल माती लागते. पण कोवळ्या पाल्याची भाजी होते, हे शहरात फारशा लोकांना माहीत नसतं.

सांगायचं राहिलं. बाजारातला बटाटा पोत्यात लावायला हरकत नाही, शेतात बेणं म्हणून नको. खाण्याच्या बटाट्यातून करप्यासारखे रोग येतात आणि ते शेजाऱ्याच्या रानात जायला परवानगी मागत नाहीत. शीतगृहातल्या काही बटाट्यांना मोड येऊ नयेत म्हणून औषधही दिलेलं असतं. महिनाभर ठेवूनही डोळा उघडला नाही तर तुमचं काही चुकलेलं नसतं. आणि जो हिरवा पडलाय तो लावा, खाऊ नका.

(दृश्य: लाल मिरच्या, सुपात.)

बेळगावच्या बाजारात एक शब्द सतत कानावर पडतो. जवारी. जवारी टोमॅटो, जवारी काकडी, जवारी मिरची. पुण्यामुंबईकडं ज्याला गावरान म्हणतील ते. बाईनं ‘जवारी हाय’ म्हटलं की भाव दोन रुपये वर आणि घासाघीस बंद. बियांच्या बाबतीत तर या शब्दाला जास्तच वजन आहे. हायब्रीड टोमॅटोचं बी उगवतं, झाडही होतं, पण फळ आईसारखं येईलच असं नाही. दोन वेगळ्या वाणांचा संकर असतो तो, पुढच्या पिढीत गुण विखुरतात. जवारी वाण बहुतेक करून आपल्यासारखंच पोर देतं. मावशींच्या फुटक्या बादलीतली मिरची हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची, मसाल्याला आणलेल्या वाळक्या मिरचीतून निघालेली. वीस-पंचवीस बिया टाकल्या, सात उगवल्या. कडक उन्हात फार दिवस तापलेलं बी पुष्कळदा मेलेलं असतं. सातातली दोन शेजारी दिली, तीन गोगलगायींनी खाल्ली.

(दृश्य: पावसाळा. भिंतीवर चढलेला वेल.)

भिंतीपलीकडं कन्नड बोलणाऱ्या काकू राहतात. त्यांच्या बाजूनं भिंत चढून आलेला हा जाड पानांचा वेल मायाळूचा. त्या त्याला बसळे म्हणतात. काकूंनी बाजारातून पेंडी आणली, पानं भाजीला घेतली आणि उरलेले दांडे मातीत खोचले, एवढीच त्या वेलाची जन्मकथा. आता तो दोन्ही घरांना पुरतो. भिंतीवरून देवाणघेवाण चालते तेव्हा कांद्याला उळ्ळागड्डी म्हणतात की कांदा, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. रताळं इकडून जातं आणि गेणसु होऊन शिजतं. काकूंना विचारलं, घरच्या पुदिन्याचा काढा घेता का? त्यांनी कन्नडमधली म्हण ऐकवली, "हित्तल गिडा मद्दल्ला." परड्यातलं झाड औषध नव्हे. म्हणजे जवळ असलेल्याची किंमत नाही. एवढं बोलून त्या खोकत खोकत मेडिकलकडं निघाल्या.

पावसाळ्यात एका गोष्टीची मात्र मावशींना धास्ती असते. खिडकीतल्या पेल्यांची. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्यामुळं पाणी रोज, निदान एक दिवसाआड बदलायचं आणि पेला आतून घासायचा, कारण अंडी काचेला चिकटून बसतात. बूड बुळबुळीत लागलं, वास आला, तर माया करायची नाही, फेकून द्यायचं.

पैसे किती वाचतात? फारसे नाहीत. पातीची एखादी पेंडी, पुदिन्याच्या दोन-चार जुड्या. भाजीवाल्याच्या पोटावर पाय येईल असलं काही यातून होत नाही. पण रात्री नऊला आमटीवर घालायला कोथिंबीर नाही म्हणून पोराला गल्लीभर पिटाळावं लागत नाही.

(दृश्य: आल्याचा तुकडा तळहातावर, जवळून.)

आणि हे आलं. इथं माझी फजिती सांगतो. पात पाण्यात वाढते तर आलंही वाढेल, असं माझं डोकं. टिळकवाडीतल्या खोलीत बरणीत आलं बुडवून ठेवलं. पाचव्या दिवशी पाणी गढूळ, दहाव्या दिवशी खोलीत शिरवेना. मावशींना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला.

त्यांची पद्धत अशी. मे महिन्यात आणलेल्या आल्यातून टपोरं, सुरकुत्या नसलेलं पेर निवडायचं. टोकाला पिवळसर, किंचित फुगीर टिकली दिसते, तो डोळा. असे एक-दोन डोळे येतील इतका, वीस-पंचवीस ग्रॅमचा तुकडा मोडायचा. मोडलेली बाजू एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यायची, ओल्या जखमेतूनच कुजवा शिरतो. मग डोळा वर करून दोन-तीन बोटं खोल. डब्याच्या तळाला भोकं हवीतच. पाणी तुंबलं की कंद कुजतो, आणि खानापूरकडचा पाऊस शहापुरापर्यंत पोचला की तुंबायला वेळ लागत नाही. मावशी आषाढात डबे पत्र्याखाली सरकवतात.

त्यांनी दोन तुकडे लावले तेव्हा आम्ही चित्रण सुरू केलं होतं. तीन आठवडे काहीच नाही. मग भाल्याच्या टोकासारखा एक कोंब. दुसरा आलाच नाही. गणपतीत कमरेएवढी पानं, दिवाळीनंतर ती पिवळी पडायला लागली, आणि पाणी बंद.

(दृश्य: जानेवारी. परडं. डबा उलटा केला जातो.)

आठ महिने झाले. मावशींनी डबा उपडा केला, बुडावर दोन थापा मारल्या. मातीचा गड्डा फुटला आणि आत पंजासारखं पसरलेलं आलं. चुरगळलं तसा वास आला, बाजारातल्या आल्याला येतो त्याहून तिखट. पाच-सहा बोटांचं एक पेर त्यांनी वेगळं काढून डोळे तपासले आणि देवळीत ठेवलं, मे महिन्यासाठी.

खाली मातीत अजून काहीतरी होतं. काळपट, सुरकुतलेला तुकडा. लावलेलं मूळचं बेणं, अजून घट्ट. एवढ्या मोठ्या गड्ड्याला पोसून ते संपलं नव्हतं. मावशींनी ते धुतलं, खलबत्त्यात ठेचलं आणि चुलीवर उकळणाऱ्या चहात टाकलं.

"साखर किती घालू रे?"