तिसरी परीक्षानळी

श्रोतेहो, नमस्कार.

31 वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. दरवर्षी गंजण्याचा धडा आला की टेबलावर तीन परीक्षानळ्या मांडायची आणि तिन्हींत एकेक लोखंडी खिळा टाकायची. पहिलीत ओल शोषून घेणारं कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे हवा आहे पण पाणी नाही. दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, म्हणजे पाणी आहे पण हवा नाही. तिसरीत साधं पाणी, नळीचं तोंड थोडं उघडं. चार-पाच दिवसांनी तिसऱ्या नळीतला तांबूस खिळा वर्गभर फिरवायचा, फळ्यावर सूत्र लिहायचं, की झाला धडा. मुलं नळ्या धुऊन ठेवत आणि खिळा केराच्या टोपलीत जाई. त्या खिळ्याचं पुढे काय होतं, हे बघावंसं मला कधी वाटलं नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी माझ्या वाट्याला पावणेतेरा फूट लांबीची तिसरी परीक्षानळी आली. चार चाकांची.

माझे थोरले दीर अलिबागला असत. त्यांच्या वाडीत, सुपारींच्या सावलीला, 1965 सालची स्टँडर्ड हेराल्ड 19 वर्षं जागची हलली नव्हती. भाऊजी गेले, वाडी विकायची ठरली आणि पुतण्याचा फोन आला, "काकू, गाडी भंगारवाल्याला देऊ ना?" मी नको म्हटलं. का म्हटलं, ते घरात अजून कुणाला कळलेलं नाही. मी जन्मभर स्कूटरवर हिंडलेली बाई. पण त्या गाडीच्या एकाही नटाला भाऊजींनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता, आणि आता अडवायला ते नव्हते. खरं कारण एवढंच असावं.

हेराल्ड मूळची इंग्लंडची. ट्रायम्फ कंपनीने ती 1959 साली आणली, तिचा आकार इटलीतल्या जोव्हानी मिकेलॉटीचा. आपल्याकडे 1961 पासून ती मद्रासला स्टँडर्डच्या कारखान्यात तयार होऊ लागली. तिच्या बांधणीमागे एक अडचण आहे. त्या सुमाराला बऱ्याच गाड्यांची बॉडी आणि सांगाडा एकजीव होऊ लागला होता. पण ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना तिच्या स्पर्धकाने विकत घेतला, आणि सबंध बॉडी एका जागी करून देणारं कुणी मिळेना. मग त्यांनी जुन्या पद्धतीने वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, केली, बॉडीचे तुकडे ठिकठिकाणी करून घेतले आणि ते बोल्टने एकमेकांना जोडले. बॉनेट तर मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं. पुढच्या चाकावर बैठक मारून इंजिनाचं काम करता येतं, पाटावर बसून भाजी निवडावी तसं. माझ्या गुडघ्यांनी त्या कारखानदारांचे आभार मानलेत.

छप्परही बोल्टचंच. त्यामुळे ते उतरवून गाडी उघडी करायची आणि वर कापडी टप बसवायचा, हा हौशी लोकांचा आवडता उद्योग. भाऊजींनीही तेच केलं होतं. टप कधीच कुजून गेला होता. पण मूळचं लोखंडी छप्पर वाडीतच सापडलं, कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथं घातलेलं. इतकी वर्षं कोकणातला पाऊस अंगावर घेऊनही ते मधोमध धड होतं. गंजलं होतं फक्त कडेला, जिथे ओल्या लाकडी फळीवर टेकलं होतं तिथे. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. कोंबड्यांसाठी दोन सिमेंटचे पत्रे आणून दिले आणि छप्पर टेम्पोत टाकलं.

पेण, खोपोली, बोरघाट करत गाडी पुण्यात आली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती जेमतेम तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी नोटीस बोर्डावर "भंगार सामान त्वरित हलवावे" असं सुवाच्य अक्षरात झळकलं. मग धायरीला एका माजी विद्यार्थ्याची पत्र्याची शेड भाड्याने घेतली. जोडीला शेजारची मुलगी होती, मेकॅनिकलचा डिप्लोमा करणारी. आणि दर शनिवारी नाना पेठेतून एक म्हातारे मिस्त्री यायचे, चहा आणि बसभाड्याच्या बोलीवर.

पहिल्या शनिवारी मी पॉलिश पेपर घेऊन दारावर तुटून पडले होते. मिस्त्रींनी तो हातातून काढून घेतला आणि खडू दिला. म्हणाले, "बाई, घासणं सोपं आहे. पाणी कुठून आत आलं आणि कुठे बसलं, ते आधी काढून दाखवा."

मग दोन आठवडे आम्ही दोघी गाडीवर खडूने खुणा करत होतो. हाताशी एक पेचकस आणि फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक. चुंबक कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरवायचा. चिकटतो तिथे पत्रा, घसरतो तिथे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, म्हणजे कुणीतरी पूर्वी भोक झाकून रंग मारलेला. चालकाच्या पायाखालची रबरी चटई उचलली तर खाली जमीनच दिसली, धायरीची. चटईखालच्या काथ्याने पाणी धरून ठेवलं होतं आणि त्याखालचा पत्रा पापडासारखा झाला होता. चासीच्या मधल्या दांड्यांना फारसं काही झालं नव्हतं. पण त्यांतून बाजूला निघणारे, बॉडी तोलून धरणारे जे आडवे हात असतात, ते टोकांशी पोकळ झाले होते. चाकांनी उडवलेला चिखल तिथे जाऊन बसतो आणि महिनोन्महिने वाळत नाही.

सगळ्यात बोलकं निघालं दार. खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात उतरतंच, ते अडवता येत नाही. म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात, आलेलं पाणी खाली गळून जावं यासाठी. आमच्या दाराची ती भोकं कुठल्याशा पेंटरने लांबीने बुजवून वर छान गुळगुळीत रंग दिला होता. मग दार आतून बादली झालं. रंग जितका सुंदर, तितका आतला पत्रा गेलेला.

इथे मला खुराड्यावरचं छप्पर आठवलं. त्यावरून पाणी वाहून गेलं होतं. पत्र्याचं वाटोळं थांबलेलं पाणी करतं. माझ्या परीक्षानळीत पाणी थांबलेलंच असायचं, त्यामुळे उतरत्या छपराचे पत्रे वर्षानुवर्षं का टिकतात आणि झाकून ठेवलेली गाडी का कुजते, हा प्रश्न वर्गात कधी निघालाच नव्हता.

त्यात अलिबागची खारी हवा. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो ना? हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्रावरून येणारे मिठाचे कण पत्र्याच्या सांदीत बसले, की पाऊस नसतानाही तिथे ओल धरते, आणि खारं पाणी गंजाला आणखी वेग देतं. पुण्यात निदान दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेवढीच पत्र्याला विश्रांती. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की जोड फुगून उकलतो. जुन्या इमारतींच्या खांबांतलं काँक्रीट फोडून सळई बाहेर डोकावते, तीही यामुळेच.

छोट्या भागांचा गंज काढायला मी माझी विद्या वापरायचं ठरवलं. प्लास्टिकचा पिंप, पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगारातला लोखंडाचा तुकडा धन टोकाला. ज्यांना करून बघायचं असेल त्यांना दोन गोष्टी सांगते. एक, हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि जवळ विडी-काडी नको. दोन, धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा-बिमचा लावू नका, त्यातल्या क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. पहिलं बिजागर एका रात्रीत काळंभोर, स्वच्छ निघालं. त्या आनंदात दुसऱ्या दिवशी मी चार्जरचे चिमटे उलटे लावले. सकाळी भंगाराचा तुकडा चकचकीत आणि ब्रेकच्या पायपट्टीचा ब्रॅकेट चाळणी. मुलगी एवढंच म्हणाली, "काकू, दहावीला तुम्ही आम्हाला याचे तीन मार्क कापायचात." गाडीही तशी उलट्या विचाराची होती म्हणा, तिच्या बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं होतं. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांची तीच रीत.

पिंपात न मावणाऱ्या भागांना फॉस्फरिक आम्ल लावलं. गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होतं आणि काळपट थर धरतो. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे 1600 वर्षांचा आहे, त्याच्या लोखंडातही फॉस्फरस जास्त आहे आणि त्यातून धरलेला थरच त्याला राखतो. हे मी मिस्त्रींना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "खांबाला दार नसतं, बाई."

वेल्डिंग मी शिकले, पण वाईट शिकले. पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढली की पत्रा तापून लाटेसारखा वाकतो. एक ठिपका इथे, दुसरा वीतभर लांब, मग निवू द्यायचं. बखिया घालण्याआधी टाचण्या मारतो तसं. माझे ठिपके मुंगळ्यांची रांग दिसतात. मुलीचे सुबक आहेत, म्हणून दिसणारी बाजू तिची आणि खालची माझी. उघड्या गाडीची आणखी एक खोड आहे. वर छप्पर नसल्याने बॉडी चासीवरून उचलली की ती मधोमध दबते, आणि मग दारं म्हणून लागत नाहीत. म्हणून उचलण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटींत लोखंडी अँगल ठोकून घेतले. हे मिस्त्रींनी सुचवलं नसतं तर आज आमच्याकडे केळ्याच्या आकाराची हेराल्ड असती.

हत्यारांची गंमत वेगळीच. गाडी इंचांतली, घरातले पाने मिलिमीटरमधले. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसतो, पण सैल. जोर लावला की बोल्टचं डोकं गोल. अशी सात डोकी मी गोल केली आणि मग रविवारी जुन्या बाजारात जाऊन गुडघाभर लोखंडातून इंची रिंग पाने वेचून आणले. विकणाऱ्याने विचारलं, "मावशी, दुकान आहे का?" मला फार बरं वाटलं.

इंजिनाबद्दल थोडक्यात आटोपते, गाडीवाले एरवी बोलतात ते इंजिनाबद्दलच. 948 सीसी, चार सिलिंडर, पिस्टन चिकटलेले. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑईल ओतलं, नऊ दिवस थांबलो, मग टॉप गिअर टाकून गाडी मागे-पुढे ढकलली. दहाव्या दिवशी ते सुटलं.

ब्रेक मात्र सांगायलाच हवेत, कारण तिथेही पाणीच होतं. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं, वर्षानुवर्षं बदललं नाही की नळ्या आतून गंजतात. आमच्या नळ्या बाहेरून ठणठणीत होत्या, कापून बघितल्या तर आत तपकिरी पीठ. सगळ्या नव्या टाकल्या. पेट्रोलचीही तीच कथा. आता पंपावर मिळतं त्यात शेकडा 20 इथेनॉल. आपल्या ऊसपट्ट्यातून येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी धरतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. भाऊजींच्या काळातली पेट्रोलची रबरी नळी दोन महिन्यांत चिकट झाली. नवी घातली, आणि आता गाडी उभी ठेवायची असली की टाकी रिकामी करते.

कागदपत्रांचं एक वाक्य. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि मग रोज मंडईत भाजी आणायला ती काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. 'मूळ रूपातली' हे शब्द वाचून मी खुराड्यावरच्या छपराकडे जाऊन त्याच्या कडा घासायला लागले.

गेल्या महिन्यात गाडी शेडबाहेर पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी आली. मिस्त्री शेजारी, मुलगी मागे, मी चालवायला. सिंहगड रस्त्याकडे गेलोच नाही, धायरीतल्याच गल्लीत तीन फेऱ्या मारल्या आणि ब्रेक लागतात याची खात्री करून परत आलो. रंग अजून दिलेला नाही, छप्परही बसवायचं आहे. लोक विचारतात, एवढं केलंत, रंगाला का थांबलात?

परवा धायरीत वळवाची सर येऊन गेली. मी बादली आणि तांब्या घेतला आणि दाराच्या काचेवरून पाणी सोडलं. एक तांब्या, दोन, तीन. मग खाली वाकून बघितलं. तळाच्या पहिल्या भोकातून धार, दुसऱ्यातून धार. तिसरं कोरडं. मिस्त्रींनी खिशातून सायकलची जुनी तार काढून माझ्या हातात दिली, आणि मी गोणपाट अंथरून गाडीखाली आडवी झाले.