हरवलेले फोटो आणि विसरलेली खाती

नमस्कार. नागपुरात या विषयावर बोलताना २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट टाळता येत नाही. रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट यांसारख्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच तळमजल्यांवर पाणी शिरले. अशा पाण्यात लग्नाचे अल्बम भिजतात आणि फोनही भिजतात. पण फोन घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलेल्या माणसाला फोन सुरू होईल की नाही यापेक्षा त्यातले फोटो निघतील की नाही याची चिंता अधिक असते. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : हे फोटो कोणत्या गूगल किंवा ॲपल खात्यात जात होते?

असे का म्हणतो, ते आधी सांगतो. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ नंतर बाजारात आलेल्या नव्या फोनमध्ये, साठवलेली सर्व माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते. आयफोनमध्ये ही व्यवस्था त्याच्याही आधीपासून आहे. तिची किल्ली फोनच्या हार्डवेअरशी आणि तुमच्या पिनशी बांधलेली असल्यामुळे, भिजलेल्या फोनमधली मेमरी चिप काढून दुसरीकडे वाचावी म्हटले तर हाती निरर्थक आकडे येतात. फोनचा मुख्य सर्किट बोर्ड निदान एकदा सुरू होऊन पिन टाकता येईल इतका तरी दुरुस्त व्हावा लागतो. (फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा घरगुती उपाय ॲपलनेही करू नका असे सांगितले आहे, तांदळाचे कण आत गेले तर नुकसान वाढते.) फोन फॅक्टरी रिसेट झाला, म्हणजे सारे पुसून नव्यासारखा केला गेला, तर किल्लीच नष्ट होते. म्हणून दुरुस्तीवाल्याने सहज विचारले, ‘रिसेट मारून देऊ का?’, तर फोटोंचा निकाल लागेपर्यंत ठाम नकार द्यावा. पुसलेले फोटो फोनच्या पोटातून काढून देतो अशी जाहिरात करणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी म्हणूनच पैसे खर्च करणार नाही.

याला एक खरा अपवाद आहे, तो मेमरी कार्डाचा. कार्ड फोनने कूटबद्ध केलेले नसेल, तर फोटो पुसल्यावर केवळ त्याची नोंद जाते आणि त्यातली माहिती काही काळ तशीच राहते. अशा वेळी कार्ड ताबडतोब काढावे, त्यावर नवा फोटो घेऊ नये आणि संगणकावर फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने तपासावे. सापडलेल्या फायली मात्र त्याच कार्डावर न ठेवता दुसरीकडे साठवाव्यात.

बाकी सर्वांचा मार्ग खात्यातून जातो, आणि अडचणही बहुधा तिथेच असते. आपल्याकडे नवा फोन घेताना ‘जुना जीमेल आठवत नाही’ असे ग्राहक म्हणाला की, काउंटरवरचा मुलगा दोन मिनिटांत नवे खाते काढून देतो. पासवर्ड बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहिला जातो आणि बॉक्स रद्दीत जातो. असे दोन-तीन फोन झाले की एकाच माणसाची दोन-तीन खाती तयार होतात, आणि २०१८ चे फोटो एका खात्यात, २०२२ चे दुसऱ्यात अशी विभागणी त्याच्या नकळत होऊन बसते. बॅकअप घेतला होता आणि तो गेला, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा बॅकअप जागच्या जागी असतो. ते चुकीच्या खात्यात पाहत असतात.

पाहायचे कसे? गूगल फोटोज उघडून वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवले की, कोणते खाते चालू आहे त्याचा ईमेल पत्ता दिसतो आणि बॅकअप सुरू आहे की बंद हेही कळते. तो पत्ता नीट वाचावा, कारण काउंटरवर काढलेल्या पत्त्यात आपल्या नावापुढे भलतेच आकडे असतात. जुना पत्ताच आठवत नसेल, तर लॉगिनच्या पानावर ‘ईमेल विसरलात?’ असा पर्याय असतो. तिथे त्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक आणि नाव दिल्यावर पत्ता सापडू शकतो. पासवर्ड परत मिळवण्याचा प्रयत्न शक्यतो जुन्या, ओळखीच्या फोनवरून किंवा संगणकावरून आणि नेहमीच्या जागेवरून करावा; गूगल स्वतःच तसे सुचवते. खात्याला जोडलेले जुने सिम बंद पडले असेल, तर काम कठीण होते. कोणी फोनवरून ‘ओटीपी सांगा, फोटो काढून देतो’ म्हणाले, तर सांगू नये. आणि सांगून बसलात तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर लगेच कळवावे.

खाते सापडले आणि फोटो त्यातही नसला, तर मग तो पुसला केव्हा हे महत्त्वाचे ठरते. गूगल फोटोज काय किंवा ॲपलचे आयक्लाउड फोटोज काय, दोन्ही आरशासारखे वागतात : इथे पुसले की तिथलेही जाते. बॅकअप आहे म्हणून निर्धास्तपणे फोटो डिलीट करणारे इथेच फसतात. सुदैवाने मधे काही दिवसांची सवलत असते. बॅकअप झालेला फोटो गूगलच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्येही साधारण ३० दिवस मिळतात. ‘जागा मोकळी करा’ हे बटण मात्र वेगळे आहे. ते बॅकअप झालेल्या फोटोंची केवळ फोनमधली प्रत काढते. ते दाबल्यावर गॅलरी ओस दिसते, माणूस घाबरतो, पण खात्यात सारे शाबूत असते.

एका ठराविक तारखेनंतरचे फोटोच खात्यात नाहीत, असे दिसले तर जागा संपली होती का ते पाहावे. १ जून २०२१ पासून गूगलने अमर्याद मोफत साठवण बंद केली; तेव्हापासून नवे फोटो जीमेल आणि ड्राइव्हसोबतच्या १५ जीबीत मोजले जातात आणि मर्यादा भरली की बॅकअप थांबतो. आयक्लाउडमध्ये मोफत जागा जेमतेम ५ जीबी असते. शिवाय सलग 2 वर्षे न वापरलेले वैयक्तिक गूगल खाते कंपनी काढून टाकू शकते, त्यामुळे ते काउंटरवरचे जुने खाते सापडले तर त्यात एकदा लॉगिन करून ठेवणे शहाणपणाचे.

व्हॉट्सॲपचे प्रकरण निराळे, आणि आपल्या घरांतले निम्मे फोटो तिथेच असल्यासारखे वाटते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचे फोटो स्वतंत्र फोल्डरमध्ये उतरतात, आणि त्या फोल्डरचा बॅकअप गूगल फोटोजमध्ये आपण मुद्दाम चालू करावा लागतो. व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप परत आणण्याची संधी ॲप नव्याने बसवताना मिळते, आणि त्यासाठी तोच मोबाइल क्रमांक व तेच गूगल खाते लागते. ती विचारणा करणारा पडदा (स्क्रीन) घाईने ओलांडला आणि रात्री नवा बॅकअप झाला, तर जुन्याच्या जागी नवा, रिकामा बॅकअप बसतो. म्हणून ॲप काढण्याआधी बॅकअपची तारीख तपासावी. एंड-टू-एंड कूटबद्ध बॅकअप निवडला असेल, तर पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली हवीच; ती हरवली तर कंपनीलाही तो बॅकअप उघडता येत नाही. आणि एक सोपी गोष्ट लोक शेवटी करतात, ती आधी करावी : ज्या ग्रुपवर फोटो आला, तिथल्या काकू-मावशींना विचारावे. कुणाच्या तरी फोनमध्ये तो असतो.

फोटो परत आल्यावरही तो सापडत नाही, असे होऊ शकते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून तो काढल्याची मूळ तारीख गळालेली असते, आणि परत आणताना शेकडो फोटो आजच्याच तारखेखाली जमा होतात. अँड्रॉइडवर अशा वेळी फाइलचे नाव वाचावे. ‘आयएमजी-२०१९१००८-डब्ल्यूए००१२’ असे नाव असेल, तर मधल्या आठ अंकांत फोटो आल्याचा दिवस आहे : ८ ऑक्टोबर २०१९, त्या वर्षीची विजयादशमी. दीक्षाभूमीवर त्या दिवशी काढलेला कुटुंबाचा फोटो हवा असेल, तर हे आठ अंक शोधावेत, आणि फोटो सापडला की गूगल फोटोजमध्ये ‘तारीख बदला’ वापरून त्याला त्या दिवसावर न्यावा.