अंतुले, सिमेंट आणि आमदार कोण लागतो?

मंडळी, पत्रिकेवर ‘अंतुले खटला आणि आमदाराचं कायद्यातलं स्थान’ असं छापलंय. तिकडे येतोच. पण आधी सिमेंट. सिमेंटपायी मुख्यमंत्री जातो, हे समोरच्या तरुणांना पटायचं नाही. आज दुकानदारच फोन करून विचारतो, साहेब, किती गोण्या टाकू?

तेव्हा सिमेंट सरकारी परमिटवरच मिळायचं. वडिलांनी संडास बांधायला सहा गोण्यांचा अर्ज केला. कारकुनानं विचारलं, ‘घरात माणसं किती?’ वडील म्हणाले, ‘का? एकदम थोडीच जायचीयत?’ झालं, अर्ज खाली गेला. (हशा.) हसू नका, आम्ही वर्षभर शेजाऱ्यांकडे जात होतो. परमिट आलं ते भर पावसात. तागाच्या गोण्या, ओटीवर ठेवूनही दोन दगड झाल्या. आईनं ढेकळं बत्त्यानं फोडली, पिठाच्या चाळणीनं चाळली. गवंडी म्हणाला, ‘वहिनी, मेलेलं सिमेंट धरत नाही.’ नाहीच धरलं. आणि त्याच वेळी मुंबईत मजल्यावर मजले चढत होते! ते सिमेंट कुठून यायचं, हा आमच्या घरातला राजकीय प्रश्न होता.

आता बॅरिस्टर अंतुले. आंबेतचा माणूस, १९६२ साली विधानसभेत आला, जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाला. कामाचा उरक विलक्षण. संजय गांधी निराधार योजना त्यांची, कुलाब्याचं रायगड त्यांनी केलं, सिंधुदुर्ग जिल्हाही त्यांच्याच काळातला. भवानी तलवार लंडनहून आणणार होते, ती अजून यायचीय. फाईल तुंबवणारा मुख्यमंत्री नव्हे हा. पण तोच उरक देणग्या गोळा करण्यातही होता. ३१ ऑगस्ट १९८१ ला पत्रकार अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अंतुल्यांनी देणग्यांसाठी काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानचं प्रकरण बाहेर काढलं. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन यांनी निकाल दिला : बिल्डरांना जादा सिमेंट आणि त्यांच्या देणग्या यांची सांगड होती. त्याच महिन्यात खुर्ची गेली. फेब्रुवारीअखेर केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण बरंचसं उठवलं! माझं म्हणणं असं की, परमिट नसतं तर बिल्डरकडे मागायला तोंडच नव्हतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

भाजपचे रामदास नायक यांनी अंतुल्यांवर फौजदारी तक्रार केली. मुख्यमंत्रिपद गेलं तरी अंतुले आमदार होतेच. मग आमदार हा लोकसेवक का? असेल तर खटल्याआधी, त्याला पदावरून काढू शकणाऱ्याची मंजुरी हवी. विशेष न्यायाधीश १९८३ साली म्हणाले, हवी, आणि अंतुले सुटले. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दंडसंहितेच्या व्याख्येत आमदार लोकसेवक नाही, मंजुरी नको. वर खटला थेट उच्च न्यायालयात पाठवला. १९८८ साली त्याच न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं, बहुमतानं, ते पाठवणंच चुकलं म्हणून मागे घेतलं. दरम्यान झालेलं कामकाज पाण्यात. अंतुले पुढे केंद्रात मंत्री झाले.

१९८८ च्याच नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानं लोकसेवकाची व्याख्या रुंदावली. १९९८ साली झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांच्या लाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं खासदारांना लोकसेवक ठरवलं. मग मंजुरी कोण देणार? कायद्यात सोय होईपर्यंत सभागृहाच्या अध्यक्षांची परवानगी घ्या, म्हणाले. अध्यक्ष कुठल्या बाकावरून वर जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. घंटा वाजली, उरलेलं चहाला.