दाखला गावात, मूल बालगृहात

"दाखला आणा, मग बघू." दाखला म्हणजे जुनी शाळा सोडल्याचा दाखला. बालगृहातल्या, म्हणजे सांभाळणारं कुणी नसलेल्या मुलांच्या निवासी गृहातल्या मुलाचं नाव शाळेत घालायला गेलेल्यांना हे वाक्य पाठ असतं. आज त्याबद्दलच बोलायचंय.

समजा, एक मुलगी आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातली, सहावीतली. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलते. आई वारली, वडील कामासाठी बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. अशा मुलांच्या काळजीचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सीडब्ल्यूसीने, तिला बालगृहात ठेवायचा आदेश दिला. जवळ जागा नव्हती, म्हणून थेट नाशिक. पोर एसटीने नाशिकला पोचली. दाखला मात्र गावच्या झेडपी शाळेच्या कपाटातच राहिला.

आता कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 5. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, नाकारता तर नाहीच. उलट दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकांवरच कारवाई होऊ शकते. कलम 14 म्हणतं, वयाचा पुरावा नाही एवढ्यासाठी प्रवेश अडवू नका. आणि वर्ष अर्धं सरलंय? तरी प्रवेश द्यायचाच, कलम 15.

मुख्याध्यापकांची बाजूही सांगतो. त्यांचं घोडं बऱ्याचदा विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर अडतं. नवी शाळा ऑनलाइन रिक्वेस्ट पाठवणार, जुनी शाळा ती मंजूर करणार, मग नाव इकडे येणार. जुन्या शाळेत कुणी लॉगिनच केलं नाही तर? तोवर मुलीला वर्गात बसवायला पोर्टलची परवानगी लागत नाही, एवढंच माझं म्हणणं.

एक मेख मात्र आहे. हा कायदा आठवीपर्यंतच. नववी-दहावीत बोर्डाचा फॉर्म भरायची वेळ येते तेव्हा कागद लागतातच, म्हणून त्या कागदांच्या मागे आधीपासून लागा. बालगृहाच्या अधीक्षकांनी जुन्या शाळेला पत्र द्यावं आणि त्याची प्रत दोन्ही जिल्ह्यांच्या बाल संरक्षण कक्षांना (मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणारी जिल्ह्याची सरकारी कार्यालयं) पाठवावी. नुसत्या फोनवर काम होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

बरं, दाखला आला. त्यावर जन्मतारीख आहे, इयत्ता आहे. पण तिचे अपूर्णांक कुठे अडलेत, ते नाही. मराठी तिला कळते पण बोलायला लाजते, तेही नाही. मुंबईत रेल्वे स्टेशनवर सापडून बालगृहात आलेल्या मुलांचं तर आणखी अवघड: पोरगं भोजपुरी बोलणारं आणि शाळा मराठी. वर्गात ते गप्प बसलं की शेरा तयार: 'कच्चा आहे'. अहो, त्याला आधी प्रश्न तर कळू द्या! कलम 4 मध्ये याची सोय आहे. वयानुसार वर्गात बसवायचं आणि राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. व्यवहारात पहिली गोष्ट होते, दुसरी राहून जाते. मग सहावीच्या बाकावर तिसरीचं गणित न येणारं मूल दिवसभर खाली मान घालून बसतं.

बालगृहात प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो, बाल न्याय कायद्यानेच. त्यात 'शिक्षण सुरू आहे' एवढं लिहून भागत नाही. कोणत्या विषयात काय येतं, शिकवणी कोण घेणार, पालक सभेला कोण जाणार, हे नावानिशी लिहा. सभेला दर वेळी वेगळा माणूस गेला तर बाई कुणाशी बोलणार?

आणि बदल्या. मूल घरी जात असेल तर आनंदच आहे. पण एका बालगृहातून दुसऱ्यात, तेही फेब्रुवारीत, दहावीच्या तोंडावर? तातडीचं कारण नसेल तर परीक्षा होईपर्यंत थांबावं, असा अर्ज समितीकडे जरूर करा. बारावीच्या वर्षात अठरा पूर्ण होणाऱ्यांसाठी अनुरक्षण गृहाचा (अठरानंतर बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांना राहायची सोय) अर्जही वाढदिवसाच्या बराच आधी द्या.

शिक्षक मित्रांनो, हजेरी घेताना 'बालगृहवाली' म्हणू नका. आणि वर्षाच्या मध्येच असं मूल आलं तर पहिल्या दिवशी त्याला जुन्या शाळेचं नाव विचारा. गावाचा पिन कोड नसेल सांगता येत, पण शाळेचं नाव आणि बाईंचं नाव मुलं बरोबर सांगतात. मधल्या सुट्टीत त्या बाईंना एक फोन लावा.