रंग जातो म्हणजे अस्सल?

(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, संयोजक मंडळी, आणि सभागृहात पंखे चार असताना दोन पंख्यांखालीच दाटीनं बसलेले श्रोतेहो,

पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘लोकर, वनस्पतिरंग आणि खानदेशाची संधी’. यातली लोकर माझी, रंग माझे, ‘संधी’ संयोजकांची. ते म्हणाले, ताई, नुसतं लोकर म्हटलं तर माणसं येणार नाहीत. खरंच आहे. भुसावळचा पारा ४५ कडे निघालाय आणि ही बाई पिशवीतून मफलर काढतेय, याला काय म्हणायचं? पण धुळ्याकडची मंडळी असतील तर सांगतील, जानेवारीत तिकडे पहाटे दात वाजतात. मे महिन्यात आपण ते विसरतो आणि जानेवारीत मे विसरतो, म्हणून आपलं बरं चाललंय.

तर संधीबद्दल शेवटी बोलते. आधी एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे माझा मुद्दा काय आहे ते कळेल. ही गोष्ट मी पूर्वी सांगितलेली आहे, आणि आमचे हे तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांनी आत्ताच डोळे मिटलेत.

मी या धंद्यात नवी होते. हातमाग घेऊन दोन वर्षं झाली असतील. मुंबईच्या एका दुकानदाराकडून पहिली मोठी ऑर्डर आली, ३६ मफलर, पांढऱ्या लोकरीचे, पिवळे रंगवून, ‘संपूर्ण नैसर्गिक’. पांढरी लोकर बिकानेरहून मागवली, कारण आपल्या दख्खनी मेंढीची लोकर काळी, करडी, घोंगडीची. पिवळा म्हटल्यावर माझं डोकं कुठे धावलं असेल? घरात डबाभर होतीच. हळद! लोकरीवर हळद अशी चढते म्हणता. ना रंग धरायला तुरटी लागते, ना फार वेळ. पातेलं कोमट झालं, लोकर बुडवली, अर्ध्या तासात शेवंतीसारखा पिवळा. मला वाटलं, लोक उगाच या विद्येचा बाऊ करतात.

मफलर वाळले, गेले. एक जास्तीचा विणला होता, तो सासूबाईंना दिला. त्यांनी चार दिवस वापरला आणि धुवायला काढला. आमच्याकडे जाड कपडे तेव्हा धुण्याच्या सोड्यात भिजवायचे. त्यांनी बादलीत हात घातला आणि मोरीतून ओरडल्या, “वं माय! हाई तं कुकू व्हई गयं!”

बादलीत लालभडक पाणी, त्यात लालभडक मफलर. आता तुम्ही हसताय, पण सासूबाईंचं निदान अगदी बरोबर होतं. कुंकू होतंच कसं? हळदीला चुना लावून. हळदीतला जो पिवळा रंग आहे तो खारात, म्हणजे चुन्यात-सोड्यात, लाल होतो, आंबट पाण्यात पुन्हा पिवळा. मी लिंबू पिळलं, मफलर परत पिवळा झाला. सासूबाई म्हणाल्या, मग आता हा दर धुण्याला लिंबू मागणार का?

हे झालं धुण्याचं. उन्हाचं प्रकरण त्याहून वाईट. दुकानदारानं काही मफलर काचेच्या खिडकीत टांगले होते. महिन्यानं मी मुंबईला गेले तर घडीच्या आत शेवंती आणि घडीच्या बाहेर ताकाचा रंग. मधोमध सरळ रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी. माझ्या पोटात गोळा आला. मी मनात हिशेब करत होते की हे पैसे परत कसे द्यायचे, कारण ते तर मागाच्या हप्त्यात गेले होते. आणि तो दुकानदार मला चहा पाजतोय! म्हणाला, चिंता नको, बघा मी काय केलंय. प्रत्येक मफलरला त्यानं एक छान खाकी चिठ्ठी लावली होती, सुतळीनं. वर छापलेलं: ‘याचा रंग कालांतराने जातो. हीच याच्या नैसर्गिकतेची खूण आहे.’ निम्मे खपले होते. वर आणखी ५० ची ऑर्डर.

मी ती घेतली. खोटं कशाला बोलू? घेतली. हळदीतच रंगवून दिली. हप्ता होता.

पण ती चिठ्ठी माझ्या मानगुटीवर बसली ती अजून उतरलेली नाही. कुठल्याही प्रदर्शनात जा, नैसर्गिक रंगाच्या स्टॉलवर हे वाक्य सापडतंच. गिऱ्हाइकंही शिकलीत. परवा एका बाईंनी माझी शाल ओल्या रुमालानं घासून पाहिली. रुमाल कोरा. मला वाटलं, खूश होतील. तर म्हणतात, “रंग निघत नाही, म्हणजे केमिकलचा दिसतोय.” आता यांना काय सांगायचं! उद्या कोणी म्हणेल गळतंय तेच अस्सल मडकं.

अहो, आपल्या आज्या-पणज्यांना हे सांगून बघा. ‘पक्का रंग’ हा शब्द कोणी काढला? केमिकल रंग येण्याच्या आधीचा आहे तो. लुगड्याचा रंग गेला तर रंगाऱ्याच्या दारात जाऊन भांडण व्हायचं. जाणारा रंग म्हणजे कच्चा रंग, आणि कच्चा रंग म्हणजे कच्चा रंगारी. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा फापटपसारा. रंग झाडाचा आहे म्हणून जात नाही, काम अर्धं सोडलं म्हणून जातो, नाहीतर झाडच चुकीचं निवडलं म्हणून.

(घड्याळ दाखवू नका, मला दिसतंय.)

त्या हळदीनंतर मी एक उद्योग सुरू केला. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर वेगवेगळ्या रंगांचं सूत गुंडाळायचं, अर्ध्या भागावर दुसरा पुठ्ठा घट्ट बांधायचा, आणि पट्ट्या मे महिन्यात गच्चीवर ठेवायच्या. परदेशात यासाठी यंत्रं असतात म्हणे, दिव्याची. आपल्याला वरचा दिवा फुकट आहे, आणि खानदेशात तर जास्तीचाच आहे. हळद चार-पाच दिवसांत गेली. पळसाचं फूल… पळसाबद्दल बोलताना मला वाईट वाटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये यावल-चोपड्याकडून सातपुड्यात जा, पानं झडलेली आणि झाडं पेटल्यासारखी. पहाटे खाली पडलेली फुलं वेचायची, सावलीत वाळवायची, उकळली की केशरी-पिवळं पाणी. लोकरीवर इतका गोड रंग बसतो की विकावासा वाटत नाही. पण पंधरवड्यात तोही मलूल झाला. म्हणजे पळस होळीला खेळावा, शालीला जपून वापरावा. कांद्याची सालं जरा टिकली, पण सोनेरीची तपकिरी झाली. आणि कात, नीळ, आल या तीन पट्ट्यांवरचा पुठ्ठा महिन्यानं सोडला तर आत-बाहेर फरक शोधायला आमच्या यांना चष्मा पुसावा लागला.

आता आलीबद्दल दोन शब्द, कारण ही आपली, खानदेशची. आल म्हणजे आलं नव्हे, चहात घालाल! आल म्हणजे बारतोंडीच्या जातीचं झाड. त्याच्या मुळाच्या सालीत लाल रंग असतो, जाड मुळांत कमी, बोटापेक्षा बारीक मुळांत जास्त. आपल्या काळ्या मातीत याची शेती व्हायची. लावायची, तीन-चार वर्षं थांबायचं, मग खोल खणून मुळं काढायची. कपाशीसारखं दरसाल पैसा नाही, पण खारवा नावाच्या जाड सुती कापडावर चढणारा तो पक्का लाल याच मुळांचा.

मग गेली कुठे? तर १८५६ साली लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हिवतापाचं क्विनीन बनवायला गेला आणि डांबरातून जांभळा रंग काढून बसला. १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या दोघांनी मॅडरच्या, म्हणजे मंजिष्ठाच्या युरोपातल्या बहिणीच्या, मुळातला लाल रंग प्रयोगशाळेत बनवला. पुढच्याच वर्षी त्याच्या पेटंटसाठी जर्मन आणि पर्किन यांनी एका दिवसाच्या अंतरानं अर्ज केले. त्यानंतर तीन वर्षं जमिनीत मुळं कोण ठेवील? १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली, तिकडे निळीची शेतीही बसली. कारखान्याचा रंग वाईट होता म्हणून मी हे सांगत नाही. स्वस्त होता, दर वेळी एकसारखा यायचा, रंगाऱ्याची पाठ मोडत नव्हती. मी रंगारीण असते तर मीही तोच घेतला असता. पण आल पक्की नव्हती म्हणून गेली, असं कोणी म्हणू नये. ती महाग पडली म्हणून गेली.

आज याच आलीच्या भाऊबंदाच्या फळाचा रस ‘नोनी’ म्हणून बाटलीत मिळतो. सगळे आजार बरे होतात म्हणे. आमच्या ओळखीचे एक काका रोज घेतात. मी त्यांना म्हटलं, काका, फळ तुम्ही प्या, मुळं मला द्या. ते नाराज झाले.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’ असं लिहिलंय आणि दहाखाली दोन रेघा आहेत.)

बरं. मग आता संधी. भराभर सांगते.

लोकर. आपल्याकडे साक्री तालुक्यात ठेलारी मेंढपाळ आहेत, बाकी धनगर वाडे आहेत, मेंढ्या आहेत. शेतात मेंढ्या बसवायच्या, खताचे पैसे घ्यायचे, मटणाला विकायच्या, यावर घर चालतं. लोकरीला भाव इतका पडलाय की कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून ती बांधावर टाकून देतात. मी एका आबांना विचारलं, लोकर विकत देता का? ते म्हणाले, पोती तुमची असतील तर घेऊन जा.

ही लोकर जाडी आणि काळी. मऊ शाल होणार नाही, गळ्याला टोचेल. घोंगडी, आसन, जाजम, पिशवी होईल. माझी चूक अशी होती की रंग म्हणजे पांढऱ्यावरच, असं डोक्यात बसलेलं. करड्या लोकरीवर रंगवून पाहिलं तेव्हा कळलं. करड्यावर कांद्याचा पिवळा चढला की शेवाळी दिसतो, आलीचा लाल चढला की वांगी रंगाकडे जातो. असा रंग पांढऱ्यावर आणायचा तर दोनदा रंगवावं लागेल. एकदम काळी आहे तिला काही करू नका, ती रंगूनच आलीय.

कृती. आपण कपाशीचे लोक, म्हणून कापसाचंच आपल्या ध्यानात येतं. कापसाला आधी हिरड्याचं पाणी पाजावं लागतं, मग तुरटी, मग रंग. लोकर मेंढीच्या अंगचीच, केसासारखी, ती तुरटी सरळ धरते. किलोभर कोरड्या लोकरीला शंभर ते दीडशे ग्रॅम तुरटी, जास्त नको, लोकर चिकट होते. पण त्याआधी रिठ्याच्या पाण्यात धुवायची. मेंढीच्या अंगाचा तेलकटपणा राहिला तर रंगाचे चट्टे पडतात, आणि बोअरच्या पाण्यात साबण वापरला तर फेस नाही, नुसता साका.

आणि उकळी आणायची नाही! पाणी इतकं तापवायचं की बोट क्षणभरही ठेवता येऊ नये, पण बुडबुडे नकोत. तासभर. हळूहळू तापवायचं, हळूहळू निवू द्यायचं. मी एकदा घाईत गरम लोकर काढून बोअरच्या गार पाण्यात टाकली आणि वर चोळली. चार किलो सूत आक्रसून एक गोळा झाला. तो अजून घरी आहे, आमची मांजर त्यावर झोपते. विणलेल्या कुठल्याही मालापेक्षा जास्त टिकलाय.

लोखंड. गंजके खिळे, गूळ आणि पाणी, माठात दोन-तीन आठवडे. डाळिंबाच्या सालीचा पिवळा यात घातला की हिरवट करडा होतो, बाभळीच्या सालीचा तपकिरी काळपट होतो. थेंबाथेंबानं वापरा. जास्त झालं तर लोकर कडक होते आणि पाच-सात वर्षांनी तुटायला लागते. ते गिऱ्हाइकाला तेव्हा कळतं, तोवर तुम्ही पैसे घेतलेले असतात, म्हणून सांगते.

पाणी. हा खरं तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय. आपल्या बोअरच्या पाण्याला आपण शिव्या देतो, गिझर चुनखडीनं भरतो. पण मंजिष्ठ आणि आल यांना चुना आवडतो, लाल उजळतो. तोच लाल पावसाच्या पाण्यात मला फिका पडला. पिवळ्या रंगांसाठी मात्र मी पागोळीचं पाणी साठवून ठेवते. म्हणजे तापीकाठच्या माणसाला लाल रंगात…

(अध्यक्ष उभे राहिले. बसते, बसते.)

शेवटचं. मागच्या टेबलावर माझ्या गच्चीवरच्या पट्ट्या मांडल्यात. पुठ्ठे सोडून आत-बाहेर बघा, ओल्या रुमालानं घासा, रागावणार नाही. एका कोपऱ्यात पहिल्या ऑर्डरमधला एक मफलर आहे, मधोमध रेघ असलेला, त्याला ती खाकी चिठ्ठीही आहे अजून. तो मी विकत नाही. शेजारी वाटीत सोड्याचं पाणी आणि हळदीच्या सुताचे तुकडे ठेवलेत, मुलांना बुडवून बघू द्या. फक्त ते बोट मग संयोजकांच्या पांढऱ्या टेबलक्लॉथला पुसू नका, तो त्यांनी भाड्यानं आणलाय.