पत्रातली ‘वस्तू’, कादंबरीतली मस्तानी

(पुणे. शनिवारवाड्याचा उत्तरेकडील तट.)

शनिवारवाड्याचा प्रसिद्ध दिल्ली दरवाजा उत्तरेला आहे आणि त्याच बाजूच्या तटात दुसरा एक, त्याहून लहान दरवाजा आहे. त्याला मस्तानी दरवाजा म्हणतात. पुण्यात हे नाव आणखी दोन ठिकाणी हमखास कानी पडते. केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणलेला मस्तानी महाल पुन्हा उभारलेला आहे. आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानांत आंब्याच्या मस्तानीचे उंच पेले एकामागून एक भरले जातात. पेल्याला हे नाव का पडले, याच्याही कथा आहेत, पण त्या आपण सोडून देऊ.

मराठी घरात मस्तानीची पहिली ओळख बहुधा एकाच वाक्याने होते: ती इतकी गोरी आणि नितळ कांतीची होती, की पान खाल्ले की विड्याचा लाल रस गळ्यातून उतरताना दिसत असे. हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जाते, की सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले असावे असे वाटते. मात्र १५४० च्या सुमारास मलिक मुहम्मद जायसीने रचलेल्या ‘पद्मावत’ या अवधी काव्यात पद्मावतीच्या गळ्याचे वर्णन नेमके असेच आहे. पानाच्या रसाची रेघ तिच्याही गळ्यात दिसते. म्हणजे मस्तानीच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून उत्तर हिंदुस्थानातील कवींकडे सौंदर्याचा हा दागिना तयार होता आणि पुढे लोकांनी तो तिच्याही गळ्यात घातला.

(बुंदेलखंड. जैतपूरचा परिसर.)

हकिगतीचा पाया मात्र पक्का आहे. मोगल सरदार महंमदखान बंगशाच्या फौजांनी कोंडलेल्या वृद्ध छत्रसाल बुंदेल्याच्या मदतीला बाजीराव १७२९ च्या मार्चमध्ये धावून गेले, बंगशाला जैतपुरात माघार घ्यावी लागली आणि कृतज्ञ छत्रसालाने पेशव्याला पुत्र मानून आपल्या राज्याचा हिस्सा दिला. मस्तानी याच प्रसंगानंतर बाजीरावांच्या आयुष्यात आली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ती छत्रसालाचीच मुसलमान स्त्रीपासून झालेली मुलगी, अशी परंपरा आहे. ती कलावंतीण होती, असेही सांगणारे होते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या मते तिचा पहिला विश्वसनीय उल्लेख ११ जानेवारी १७३० चा आहे आणि तो बाजीरावांचे थोरले पुत्र नानासाहेब यांच्या लग्नाच्या प्रसंगातला आहे. योगायोग असा, की आदल्याच दिवशी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला होता.

(पेशवे दफ्तर, पुणे. रुमालात बांधलेले मोडी कागद.)

याच सरदेसायांच्या देखरेखीखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि बाजीरावांच्या कुटुंबातील पत्रे सामान्य वाचकापुढे आली. प्रेमकथेच्या शोधात या पत्रांकडे वळणारा वाचक प्रथम निराश होतो. त्यांत चांदणे नाही, विरहगीत नाही. आहे ती घरातल्या माणसांनी एकमेकांना लिहिलेली काळजी, संताप आणि कुजबुज. मस्तानी त्यांत स्वतः कोठेच बोलत नाही.

१७३९ च्या अखेरीपर्यंत मस्तानीवरून घरात उठलेले हे प्रकरण टोकाला गेले होते. बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्यावरील मोहिमेवर निघाले आणि मागे पुण्यात त्यांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा व नानासाहेब यांनी मस्तानीला कैदेत ठेवले. पुढच्या फेब्रुवारीत बाजीरावांचे धाकटे पुत्र रघुनाथराव यांची मुंज झाली, तेव्हा मुलाचे वडीलच हजर नव्हते. साताऱ्यास छत्रपती शाहूंपर्यंत हा मजकूर पोहोचला होता आणि त्यांचे मत कळविणारे जानेवारी १७४० चे एक पत्र उपलब्ध आहे. राऊ (म्हणजे बाजीराव) खट्टे होतील असे करू नये, त्यांची वस्तू त्यांना द्यावी आणि त्यांचे समाधान करावे, असा त्याचा आशय आहे.

‘वस्तू’ या शब्दापाशी थांबावेसे वाटते. तो शिवी म्हणून आलेला नाही, उलट संपूर्ण पत्रव्यवहारात मस्तानीच्या सुटकेच्या बाजूने बोलणारा असा हाच एक कागद सहज आठवतो. पण नाव घेणे टाळायचे, तर तिच्यासाठी त्या काळच्या दरबारी मराठीला हा शब्द सुचला. मला स्वतःला गळ्यातल्या पानाच्या रसाहून हा एक शब्द तिच्याविषयी अधिक सांगून जातो. ती कोणाच्या घरात, कोणत्या जागी उभी होती, हे त्यातून कळते.

(रावेरखेडी, नर्मदाकाठ.)

तिला सोडण्यात आले नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे, ज्वराच्या आजारात, वयाची चाळिशी गाठण्याआधीच बाजीरावांचा अंत झाला. त्यानंतर लवकरच मस्तानीही गेली. तिने हिरा गिळला, विष घेतले, ती धक्क्याने मरण पावली, ती सती गेली, असे सगळे काही सांगितले जाते. तिची कबर मात्र शिरूर तालुक्यात पाबळला आहे.

(पुस्तकांची कपाटे.)

पत्रे जेथे गप्प होतात, तेथून कादंबरीकाराला वाव मिळतो. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ १९७२ साली आली आणि मराठी मनातले बाजीराव-मस्तानी बऱ्याच अंशी तिनेच घडवले. २०१५ चा गाजलेला हिंदी चित्रपटही याच कादंबरीवर आधारलेला आहे. पुढे द. ग. गोडसे यांनी ‘मस्तानी’ या पुस्तकातून तिच्याभोवतीच्या दंतकथांची कागदपत्रांच्या आधारे झडती घेतली. या दोन पुस्तकांपैकी खरे कोणते, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. कादंबरीने संवाद रचले याबद्दल तिला दोष देता येत नाही, कारण ते रचणे हेच तिचे काम आहे. दोष द्यायचाच तर त्या संवादांना इतिहासाचा पुरावा मानणाऱ्या वाचकाला द्यावा लागेल. आणि केवळ दफ्तर वाचणाऱ्यालाही हे विसरून चालत नाही, की ते कागद तिला कैदेत ठेवणाऱ्यांच्याच घरातले आहेत.

(पुन्हा शनिवारवाडा. संध्याकाळ.)

मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर त्याच पेशवे घराण्यात वाढला. १७६१ मध्ये पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला आणि जखमी अवस्थेत परतताना जाटांच्या मुलखात मरण पावला. तेव्हा तो तिशीतही नव्हता. त्याचा मुलगा अलीबहाद्दर याने पुढे बुंदेलखंडात, आजीच्या मुलखात, बांद्याची नबाबी उभी केली. उत्तरेकडील तटातल्या या लहान दरवाजाला त्याच्या नावाने अलीबहाद्दर दरवाजा असेही म्हणतात.